माणूस बघून बोला, पण निरोप बदलू नका: टीम लीडसाठी टप्प्याटप्प्याने

नवा टीम लीड झालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे बोलायला शीक.’ कसं, ते कुणी सांगत नाही. मग काहीजण स्वभावाची एखादी चाचणी घेऊन टीमला रंग वाटून टाकतात, हा लाल, ती निळी. बाकीचे तापट माणसापुढे नरम पडतात आणि गरीब स्वभावाच्या माणसावर आवाज चढवतात. पहिल्या प्रकारात चेष्टा होते, दुसऱ्यात टीम फुटते. दोन्हीकडे गडबड क्रमाची असते. काय सांगायचं ते ठरायच्या आधीच माणूस ‘हाताळायला’ घेतलेला असतो.

सगळे टप्पे एकाच उदाहरणावर बघू. चाकण भागातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. सकाळी ग्राहकाचा मेल येतो: तुमच्या मालात बोअर (भागातलं गोल भोक) मोठं झालेले भाग सापडलेत, संशयित स्टॉक अडवा, तात्पुरत्या उपायांचा अहवाल २४ तासांत द्या. टीममध्ये डिस्पॅचचा इनचार्ज, क्वालिटीच्या मॅडम, स्टोअरचे काका, लाइनचा सुपरवायझर आणि एक डिप्लोमा ट्रेनी. तुमचं काम ऑफिसातलं असेल तर बोअरच्या जागी रिलीज, ऑडिट किंवा टेंडर घाला. टप्पे तेच राहतात.

टप्पा १: आधी निरोपाचा गाभा लिहून काढा

कुणाशीही बोलायच्या आधी कागदावर चार ओळी लिहा: काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून कळणार. आपल्या उदाहरणात त्या अशा होतील:

- काय: शेवटच्या चांगल्या तपासणीनंतर बनलेला सगळा माल होल्ड, म्हणजे अडवून ठेवायचा. तयार मालाचं स्टोअर, लाइन, वाटेतल्या गाड्या आणि ग्राहकाकडचा स्टॉक, चारही ठिकाणी.
- कुणी: प्रत्येक ठिकाणाला एकच नाव.
- कधी: ठिकाणनिहाय आकडे आज दुपारी ४ पर्यंत.
- पुरावा: किती तपासले, किती चांगले, किती नापास असा तक्ता. तपासणी १०० टक्के, प्लग गेजने (भोकात घालून माप तपासायचा दांडा; त्याची ‘गो’ बाजू आत जायला हवी, ‘नो-गो’ जाता कामा नये). नो-गो बाजू आत गेली की भाग नापास.

या चार ओळी कुणासाठीही बदलायच्या नाहीत. स्वभावाप्रमाणे बदलायचा तो सांगण्याचा क्रम, तपशील, माध्यम आणि उत्तरासाठी दिलेला वेळ. कारण साधं आहे. अकराच्या चहाला ही पाचही माणसं कॅन्टीनमध्ये एकत्र येणार. एकाला ‘४ पर्यंत’ आणि दुसऱ्याला ‘बघा, आज-उद्या कसं जमतंय ते’ असं सांगितलं असेल, तर ते तिथेच उघडं पडतं. पुढच्या वेळी तुमची वेळ कुणी मनावर घेत नाही.

*तपासा:* चार ओळींत लिहिता येत नसेल तर अडचण कुणाच्या स्वभावात नाही. तुमचंच अजून ठरलेलं नाही. थांबा, आधी ठरवा.

टप्पा २: वागणं नोंदवा, शिक्का मारू नका

हे काम तक्रार यायच्या कितीतरी आधी करून ठेवायचं असतं. आग लागल्यावर निरीक्षण होत नाही. दोन-तीन आठवडे प्रत्येकाबद्दल एवढंच टिपा: नवं काम सांगितल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो, ‘का’, ‘कसं’, ‘कधी’ की ‘कोण-कोण आहे’? उत्तर जागेवर देतो की दुसऱ्या दिवशी? हरकत मीटिंगमध्ये घेतो की नंतर टेबलापाशी येऊन? ठरलेलं ऐनवेळी बदललं तर काय करतो?

नोंद क्रियापदात लिहा. ‘तापट आहे’ ही नोंद नाही, ते मत झालं. ‘पार्श्वभूमी सांगायला लागलो की मध्येच तोडून, पुढचं बोला म्हणतो’ ही नोंद. मतावरून काही करता येत नाही. नोंदीवरून लगेच कळतं की या माणसाला पार्श्वभूमी शेवटी सांगायची.

महिनाअखेरीला, नाइट शिफ्टला, साहेबांसमोर माणूस वेगळा वागतो. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगांत तेच दिसल्याशिवाय ती सवय धरू नका.

*सावधान:* ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा स्वभाव नसतोच. गप्प बसणाऱ्यांच्या बाबतीत आधी तीन गोष्टी तपासा. पहिली भाषा. मीटिंग इंग्रजीत चालली की डिप्लोमाचा मुलगा मुका होतो, मराठीत चालली की बिहार-ओडिशाहून आलेला ऑपरेटर. दुसरी नोकरीचा प्रकार. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस पर्मनंट माणसाची चूक सगळ्यांसमोर दाखवणार नाही, त्याला ‘लाजाळू’ म्हणणं सोयीचं असलं तरी खरं नाही. तिसरी म्हणजे चक्क ऐकू न येणं. प्रेस शॉपशेजारी उभं राहून दिलेल्या सूचनेवर नुसती मान हलली, तर त्यावरून मन ओळखायला जाऊ नका.

चाचण्यांविषयी थोडक्यात. डिस्क, एमबीटीआय वगैरे स्वभावाचे प्रकार ठरवणाऱ्या चाचण्या टीममध्ये बोलणं सुरू करायला ठीक आहेत, काम वाटायला किंवा माणूस निवडायला नाहीत. एमबीटीआयमागची संस्था स्वतःच भरतीसाठी ती वापरू नका असं सांगते. शिवाय स्वभावाचे गुण कमी-जास्त प्रमाणात असतात आणि बहुतेक माणसं मधल्या भागात कुठेतरी असतात. त्यांना या टोकाला किंवा त्या टोकाला बसवलं की निम्मा अंदाज तिथेच चुकतो.

याच कागदावर सर्वांत वर स्वतःची नोंद करा. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. तुम्हाला स्वतःला मुद्देसूद मेल आवडत असेल तर तुम्ही सगळ्यांना मुद्देसूद मेलच पाठवत असणार, आणि ज्याचं उत्तर येत नाही तो तुमच्या लेखी ‘सिरियस नाही’. टीममधल्या ‘अवघड’ माणसांची यादी करून बघा. बहुतेकदा ती तुमच्यापेक्षा वेगळ्या सवयीच्या माणसांची यादी निघते.

टप्पा ३: दहा मिनिटं बसून सरळ विचारा

निरीक्षण अर्धंच खरं असतं. उरलेलं विचारून कळतं, आणि विचारल्याचा माणसाला रागही येत नाही. प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. प्रश्न तीनच ठेवा:

१. ‘तातडीचं काम असलं तर फोन करू, मेसेज टाकू, की येऊन सांगू?’
२. ‘काम देताना मी आधी काय सांगितलं तर तुम्हाला सोपं जातं?’
३. ‘काही चुकलं तर कसं सांगितलेलं चालेल? आणि कसं अजिबात चालणार नाही?’

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं असतं. ते आलं की मध्ये बोलू नका.

वयाने मोठ्या माणसाला केबिनमध्ये बोलावून हे विचारलं तर त्याला ती चौकशी वाटते. स्टोअरच्या काकांकडे तुम्ही जा, त्यांच्या टेबलापाशी बसा. ‘काका, तुम्ही इथे माझ्या आधीपासून आहात. माझ्याकडून निरोप नीट पोचत नाही असं कधी झालं का?’ एवढ्याने पुष्कळ बाहेर येतं. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करा: एकेरी की अहो-जाहो. ज्याला रोज ‘अरे’ म्हणता त्याला चिडल्यावर ‘तुम्ही’ म्हणायला लागलात, तर पुढचं तो काही ऐकत नाही. उलटंही तितकंच खरं. रोज ‘अहो’ म्हणायचं आणि साहेबांसमोर एकेरीवर यायचं, हे माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

*तपासा:* निरीक्षण आणि उत्तर जुळत नसेल तर उत्तराप्रमाणे वागून बघा. एक-दोन आठवड्यांत खरं काय ते कळतं.

टप्पा ४: गाभा तोच, क्रम वेगळा

आता तक्रारीच्या सकाळकडे येऊ. चार ओळींचा कागद हातात आहे.

*आधी निष्कर्ष हवा असणारा.* डिस्पॅचचा इनचार्ज. सतत फोनवर, दारात गाडी उभी. त्याला असं सांगा: ‘आजच्या दोन्ही गाड्या थांबवा. बोअर मोठं आलंय, ग्राहकाकडून तक्रार आहे. वाटेत असलेल्या मालाची चलानं मला अकरापर्यंत हवीत, आकडे ४ पर्यंत. अडचण असेल तर आत्ता सांगा.’ कृती पहिली, कारण एका वाक्यात. इथे होणारी चूक म्हणजे मेल आला कधी, कुणी वाचला, साहेब काय म्हणाले, हे सगळं आधी सांगणं. तो ऐकतोय असं दिसतं, पण तोवर गाडी गेटबाहेर पडते.

याच माणसाबाबत उलटी चूकही होते. त्याला तुटक बोललेलं चालतं म्हणून काहीजण कारण सांगणंच सोडतात. मग दुपारी ग्राहकाचा फोन थेट त्यालाच येतो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

*आधी पुरावा हवा असणारी.* क्वालिटीच्या मॅडम. त्यांना ‘सगळा माल खराब आलाय’ म्हटलंत की पहिला प्रश्न येणार: सगळा म्हणजे किती? म्हणून मेल, फोटो आणि ग्राहकाने मोजलेली मापं आधी समोर ठेवा, मग बोला. ‘हे त्यांचं रीडिंग. शेवटची चांगली तपासणी कधीची आहे ते तुमच्या रेकॉर्डवरून काढा, म्हणजे होल्डची सीमा पक्की होईल. मला अर्ध्या तासात सीमा हवी, ४ ला आकडे.’

अशा माणसाला मुळाशी जायचं असतं. एट-डी अहवालात (ग्राहकाची तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांचा अहवाल) डी-३ म्हणजे माल अडवणं आणि डी-४ म्हणजे मूळ कारण. मॅडमचं मन पहिल्या तासातच डी-४ कडे धावणार: इन्सर्ट (मशीनचं कापणारं टोक) झिजला का, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराची दुरुस्ती) कुणी बदलला का. त्यांना ‘खोलात जाऊ नका’ म्हणणं म्हणजे त्यांच्या कामाचाच अपमान. त्याऐवजी त्या प्रश्नाला जागा द्या: ‘आज फक्त डी-३. डी-४ साठी उद्या सकाळचा वेळ आपण दोघांनी राखून ठेवू. जुना इन्सर्ट फेकू नका असं लाइनवर आत्ताच सांगून ठेवा.’ पुरावा जपला जातोय हे दिसलं की त्या आजच्या कामाला लागतात.

*आधी घडी कशी बसणार ते कळायला हवं असणारे.* स्टोअरचे काका. यांचा विरोध कामाला नसतो, अचानकपणाला असतो. ‘काका, तक्रार आलीय, तुमच्या रॅकमधला माल आज हलवावा लागेल. मांडणी बिघडेल, ती परत लावायला दोन मुलं देतो. लाल टॅग लावून माल कुठल्या कोपऱ्यात अडवायचा ते तुम्हीच ठरवा. आकडा मात्र ४ ला लागेल.’ काय बदलणार, काय तसंच राहणार आणि मदत कोणती, हे तीन कळले की ते कुणाहीपेक्षा नेटकं काम करतात. इथे चूक होते ती गोड बोलण्याच्या भरात ‘४ ला’ हा शब्द गिळण्याची. मऊ माणसाशी मऊ बोलावं, पण वेळ सांगून.

*बोलता-बोलता विचार करणारा.* लाइनचा सुपरवायझर. याला लेखी सूचना दिली तर ती खिशात जाते. त्याच्याबरोबर लाइनवर चालत जा, त्याला बोलू द्या. पाच कल्पना सुचवेल, त्यातली एखादी खरंच उपयोगी असेल. शेवटी तुम्ही थांबून म्हणा: ‘यातलं आज काय करायचं ते ठरवू,’ आणि त्याच्याच हाताने दोन ओळी लिहून घ्या. हे न केल्यास तो उत्साहाने पाचही सुरू करतो आणि ४ वाजता तक्ता कोराच असतो.

उरला ट्रेनी. त्याच्या स्वभावाचा विचार आज करूच नका. तो कसाही असो, नवा आहे, आणि नव्या माणसाला पायऱ्या लागतात: गेज असं धरायचं, नापास भाग इथे ठेवायचा, शंका आली तर याला विचारायचं. पहिले दहा भाग त्याच्यासमोर तुम्ही तपासा, पुढचे दहा त्याला तुमच्यासमोर तपासू द्या. अनुभव कमी असलेल्या माणसाला ‘स्वतंत्र विचाराचा आहे’ म्हणून मोकळं सोडणं ही या सगळ्यातली महाग चूक. सॉर्टिंग (चांगले-नापास भाग वेगळे करणं) चुकलं की तोच माल दुसऱ्यांदा ग्राहकाकडे जातो.

टप्पा ५: माध्यम ठरवा

हा भाग छोटा आहे. तातडीचं आणि वाईट असेल ते तोंडी, शक्य तर समोर. आकडे, बॅच क्रमांक, वेळ हे लेखी. दोन्ही असेल तर आधी तोंडी, मग पाच मिनिटांत त्याचीच लेखी नोंद.

*सावधान:* व्हॉट्सॲप ग्रुप हा निरोप सगळ्यांपर्यंत नेण्यासाठी आहे, एकाला खडसावण्यासाठी नाही. आणि निळ्या खुणा म्हणजे निरोप वाचला, एवढंच. समजला किंवा स्वीकारला असं नाही.

टप्पा ६: ‘हो’ आलं, ते तपासा

आपल्याकडचं ‘हो’ पुष्कळ प्रकारचं असतं. ‘करतो’ म्हणणारा बहुधा करतो. ‘करून टाकू’ म्हणजे उत्साह आहे, वेळ ठरलेली नाही. ‘होऊन जाईल’ यात करणारा कुणीच नाही. ‘बघतो’ हा बऱ्याचदा सभ्य नकार असतो. आणि वरिष्ठांना मिळणारं ‘हो सर’ म्हणजे कधीकधी फक्त ‘तुमचं बोलणं संपलं का?’

‘समजलं ना?’ हा प्रश्न पूर्ण बंद करा. त्याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर येऊच शकत नाही. त्याऐवजी माणसाप्रमाणे विचारा. डिस्पॅचवाल्याला: ‘पहिला फोन कुणाला करताय?’ मॅडमना: ‘सीमा काढायला कुठलं रेकॉर्ड लागेल?’ काकांना: ‘सुरुवात कुठल्या रॅकपासून?’ ट्रेनीला: ‘नो-गो आत गेली, आता काय करशील?’ पहिली पायरी नेमकी सांगता आली तर निरोप पोचला. नाही आली, तर न चिडता पुन्हा सांगा, या वेळी वेगळ्या क्रमाने.

जो कधीच ‘नाही’ म्हणत नाही त्याच्यासाठी नकाराची वाट तुम्हीच तयार करून द्या: ‘४ जमेल की ५ लागतील? ५ म्हणालात तर मी ग्राहकाला आत्ताच कळवतो.’ दोन आकडे समोर ठेवले की त्याला ‘नाही’ हा शब्द उच्चारावा लागत नाही, आणि तुम्हाला खरी वेळ कळते. इथे ‘वेळ बदलायची नाही’ हा नियम मोडत नाही. वेळ बदललीच तर ती सगळ्यांसाठी, उघडपणे आणि तुम्ही बदललेली असते.

टप्पा ७: चूक दाखवताना

टप्पा ३ मधलं तिसरं उत्तर आता कामी येतं. तरी दोन गोष्टी सगळ्यांना सारख्याच. चूक एकट्याला सांगा, आणि झालेली गोष्ट सांगा, माणसाचा स्वभाव नको. ‘नापास भाग चांगल्या ट्रेमध्ये सापडले’ असं म्हणा. ‘तू निष्काळजीच आहेस’ म्हटलंत की समोरचा माणूस पुढचा सगळा वेळ स्वतःचा बचाव करण्यात घालवतो.

बदल फक्त सुरुवातीचा. थेट माणसाला पहिल्या वाक्यात चूक सांगा. स्तुती-टीका-स्तुती असा थर रचलात तर त्याला ते खोटं वाटतं. पुराव्याच्या माणसासमोर ट्रे ठेवा आणि गप्प बसा, तो स्वतःच चूक शोधून काढेल. घडी जपणाऱ्याला आधी सांगा की नोकरीवर किंवा विश्वासावर काही आलेलं नाही, मग चूक. बोलक्या माणसाला त्याची बाजू पूर्ण मांडू द्या, पण शेवटी पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते त्याच्याच तोंडून काढा.

*सावधान:* सौम्य सांगणं आणि अर्धवट सांगणं यांत गल्लत होते. बोलणं संपल्यावर समोरच्याला ‘नेमकं काय चुकलं’ हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आलं नाही, तर तुम्ही फक्त गप्पा मारून आलात.

टप्पा ८: सगळे एकत्र असताना

मीटिंगमध्ये पाचजणांशी पाच प्रकारे बोलता येत नाही. तिथे क्रमच असा लावा की प्रत्येकाला आपली जागा मिळेल. काय ठरवायचंय ते आदल्या दिवशी लेखी पाठवा, पुराव्याच्या माणसाला तयारी करता येते. मीटिंगच्या पहिल्या मिनिटाला निर्णय किंवा प्रश्न सांगा, घाईचा माणूस जागा राहतो. मग चर्चा, तिला वेळेची मर्यादा घालून. शेवटी कोण काय कधी करणार ते मोठ्याने वाचा.

मत विचारताना गोल फिरा, आणि सुरुवात कनिष्ठापासून करा. साहेब आधी बोलले की उरलेली मतं आपोआप त्यांच्यासारखी होतात. मीटिंगनंतर टेबलापाशी येऊन हरकत सांगणाऱ्याला ‘तेव्हा का नाही बोललात?’ असं विचारू नका. तो पुढच्या वेळी टेबलापाशीही येणार नाही. त्याची हरकत ऐका, पटली तर सगळ्यांना कळवा.

टप्पा ९: महिन्याने हिशेब

कागद पुन्हा काढा. कुणाकडून काम न विचारता वेळेवर आलं, कुणाला तीनदा विचारावं लागलं? ज्याला तीनदा विचारावं लागलं त्याच्यासाठी एकच गोष्ट बदला, क्रम किंवा माध्यम किंवा वेळ. तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणखी एक तपासा: काम कुणाकडे साचतंय? चिडणाऱ्याला सांगायला नको म्हणून जादाचं काम हळूहळू ‘हो’ म्हणणाऱ्याकडे सरकतं. गेल्या महिन्यातल्या रविवारच्या ड्युट्या आणि ऐनवेळची कामं नावासमोर लिहून बघा. एकाच नावासमोर ढीग दिसला, तर तुम्ही स्वभाव सांभाळण्याच्या नावाखाली अन्याय करताय.

हे सगळं कुठे वापरायचं नाही

मशीनमध्ये हात अडकला, गॅसचा वास आला, फोर्कलिफ्टच्या वाटेत माणूस उभा आहे: इथे क्रम, माध्यम, स्वभाव काही नाही. ‘लाइन बंद, बाहेर या’ हे सगळ्यांना एकाच आवाजात. फक्त अशा वेळी आपण ओरडणार, हे टीमला आधी सांगून ठेवा. लैंगिक छळाची किंवा अंगचटीला येण्याची तक्रार असेल तर ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. ती तक्रार तुम्ही मिटवायची नाही, त्याच दिवशी अंतर्गत तक्रार समितीकडे जायची वाट तक्रारदाराला दाखवायची. आणि पगार, रजा, बढती यांचे नियम सगळ्यांना सारख्याच शब्दांत, लेखी.